घरपट्टीची दोन बिले आणि तौपो सरोवरातील नत्र

न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहरात आम्ही घर घेतले त्या वर्षी घरपट्टीची दोन बिले आली आणि त्यांतील एक चुकून आले असावे, अशी माझी खात्रीच झाली होती. पहिले नगर कौन्सिलचे होते. रस्ते, कचरा, नळाचे पाणी आणि वाचनालये यांचा खर्च कुणी तरी मागणारच, हे समजण्यासारखे होते. दुसरे बिल वायकाटो रिजनल कौन्सिल नावाच्या संस्थेचे होते. रक्कम बरीच लहान होती, पण ती कशासाठी हे वाचल्यावर मी अधिकच गोंधळलो, कारण पूरनियंत्रण, झाडे पोखरणाऱ्या उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त, पाणलोट क्षेत्राची निगा आणि शहरातील बससेवा या एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टी एकाच कागदावर होत्या. पाटबंधारे खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नगररचना कार्यालय आणि एस.टी. महामंडळ यांचे थोडे थोडे काम एकाच दारात आणून ठेवले तर जे होईल, तसे काहीसे हे कार्यालय आहे, हे मला नंतर कळले.

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली स्थानिक स्वराज्य संस्थांची मोठी फेररचना झाली. त्याआधी लहानमोठी आठशेहून अधिक मंडळे होती आणि त्यांत १९४१च्या मृदसंधारण व नदीनियंत्रण कायद्याने स्थापन झालेली पाणलोट मंडळेही होती. फेररचनेत ही मंडळे रिजनल कौन्सिलांमध्ये विलीन झाली आणि या नव्या कौन्सिलांच्या सीमा मुख्यतः पाणलोट पाहून आखल्या गेल्या. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. आपल्याकडे मात्र नदी हीच अनेकदा दोन जिल्ह्यांची किंवा दोन राज्यांची हद्द असते आणि त्यामुळे प्रत्येक काठाला पलीकडच्या काठाकडे बोट दाखवण्याची सोय होते. इथे डोंगराचा माथा ही हद्द आहे. तौपो जिल्हा त्याचे चांगले उदाहरण आहे: जिल्हा एकच, पण त्याची जमीन चार वेगवेगळ्या रिजनल कौन्सिलांच्या क्षेत्रांत विभागली गेली आहे, कारण त्या जमिनीवर पडणारा पाऊस चार दिशांना वाहून जातो.

त्यानंतर १९९१ साली साधनसंपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याने पन्नासहून अधिक जुने कायदे गुंडाळले आणि कामाची वाटणी बरीच स्पष्ट केली. जमिनीवर काय बांधायचे, कुठे वस्ती आणि कुठे कारखाने, हा प्रामुख्याने जिल्हा किंवा नगर कौन्सिलचा विषय ठरला; पाणी, हवा, माती आणि किनारा यांत कोण काय सोडतो आणि त्यांतून कोण किती घेतो, हा रिजनल कौन्सिलचा. आपल्याकडेही 'प्रादेशिक योजना' हा शब्द महाराष्ट्राच्या १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमामुळे ओळखीचा आहे. गोव्यात तर '२०११चा रिजनल प्लॅन' म्हटले की लोकांना २००७ सालचे आंदोलन आणि तो रद्द करण्याची सरकारवर आलेली वेळ आठवते. परंतु आपली प्रादेशिक योजना म्हणजे मुख्यतः रंगवलेला नकाशा असतो, हिरवा पट्टा कुठे आणि पिवळा कुठे हे सांगणारा. इथल्या योजनेत नकाशे असतातच. तरी तिचा गाभा नियमांचा असतो आणि त्या नियमांचा प्रश्न जमिनीच्या रंगाचा नसून तुमच्या जमिनीतून बाहेर काय जाते, हा असतो.

हा फरक मला पुस्तकातून समजला नाही. तो तौपो सरोवरामुळे समजला आणि त्यात थोडा वाटा आमच्या अण्णांचाही आहे.

हॅमिल्टनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेले तौपो हे देशातील सर्वांत मोठे सरोवर आहे. क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरहून अधिक, सर्वाधिक खोली सुमारे १८६ मीटर. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाने पडलेल्या खळग्यात ते साठले आहे. त्यात येणारे ओढे आणि नद्या तिसाहून अधिक आहेत, पण बाहेर जाणारी नदी एकच, वायकाटो. ही नदी आठ धरणे ओलांडून आमच्या शहरातून जाते, आमच्या नळाला तिचेच पाणी येते आणि २००२ पासून ऑकलंडही तिचे पाणी उचलते. त्यामुळे तौपोच्या काठावर काय घडते याची दखल दीडशे किलोमीटर खालच्या घरपट्टीच्या बिलात घेतली जाणे अगदीच अवाजवी नाही.

सरोवराभोवतीची जमीन प्यूमिसची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या भुग्याची आहे. एके काळी या भागात जनावरे टिकत नसत. चारा भरपूर असूनही ती खंगून मरत. मातीत कोबाल्टची कमतरता आहे, हे १९३०च्या दशकात उमगले, खतातून कोबाल्ट देता येऊ लागले आणि मग झुडपांनी भरलेले माळ कुरणांत बदलले गेले. त्यातील बरेचसे काम सरकारच्या भूमी खात्यानेच केले. मेंढ्या आल्या, मांसासाठी गुरे आली, मागाहून थोड्या दुभत्या गाईही आल्या. पुढे सरोवराचे निळेशार पाणी किंचित गढूळ होत असल्याचे मोजमापांत दिसू लागले.

याचे कारण समजायला वेळ लागला, कारण ते कुठल्याही नळीतून सरोवरात पडत नव्हते. इथली गुरे वर्षभर उघड्या कुरणात असतात, गोठ्यात बांधलेली नसतात. गाय दिवसभर मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते आणि त्यातील बरेचसे नत्र, म्हणजे नायट्रोजन, मूत्रावाटे जागोजागी, पण प्रत्येक वेळी एका लहानशा तुकड्यावर टाकते. त्या तुकड्यापुरता हेक्टरी हिशेब मांडला तर मात्रा हजार किलोपर्यंत जाऊ शकते. एवढे नत्र गवताची मुळे शोषू शकत नाहीत. उरलेल्याचे नायट्रेट होते, हिवाळ्यातील पावसाबरोबर ते प्यूमिसमधून झिरपत भूजलात उतरते आणि तिथून कित्येक दशकांच्या संथ प्रवासानंतर सरोवरात पोहोचते. तौपोत शेवाळाची वाढ अडते ती नत्राच्या तुटवड्यामुळे, कारण स्फुरद (फॉस्फरस) त्या ज्वालामुखी खडकातूनच पुरेसे मिळते. म्हणूनच नत्र वाढले की निळाई जाते.

अण्णा आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते तेव्हा मी त्यांना तौपोला घेऊन गेलो आणि काठावरील बाकावर बसून हे सगळे समजावून सांगितले. उसाच्या शेतात युरियाची पोती रिकामी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला नत्र म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "म्हंजे गाईच्या मुताचाबी हिशेब ठेवत्यात व्हय रं हितं?" आपल्याकडे गोमूत्र शिंपडून घर शुद्ध करतात आणि इथे त्याच गोष्टीवर न्यायालयात खटले चालतात, यावर ते परतीच्या वाटेवर बराच वेळ हसत होते. मीही हसलो, पण त्यांचा प्रश्न तंतोतंत बरोबर होता. इथे खरोखरच तो हिशेब ठेवतात.

तो ठेवण्याची पद्धत अशी. रिजनल कौन्सिलने २००५ साली आपल्या प्रादेशिक योजनेत तौपो पाणलोटापुरता बदल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण पर्यावरण न्यायालयात गेले आणि अखेर २०११ साली नियम अमलात आले. प्रत्येक शेतातून वर्षाला किती नत्र झिरपते, याला मर्यादा घालण्यात आली. २००१ ते २००५ या काळातील ज्या एका वर्षी शेतकऱ्याचा आकडा सर्वांत जास्त होता, तोच त्याचा कायमचा हक्क ठरला. शेतकऱ्याला अधिक गुरे ठेवायची असतील तर त्याच पाणलोटातील दुसऱ्या शेतकऱ्याकडून नत्राचा हक्क विकत घ्यावा लागतो, म्हणजे एकाचे वाढले तर दुसऱ्याचे तेवढेच कमी होते. पसरट उगमांतून, म्हणजे एखाद्या नळीऐवजी सगळ्या शेतजमिनीतून, येणाऱ्या नत्रावर अशी मर्यादा आणि असा बाजार बसवण्याच्या जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक होय.

मर्यादेने वाढ थांबते, पण भूजलात आधीच उतरलेले नत्र वाटेतच असते. म्हणून वीस टक्के कपात ठरली आणि त्यासाठी सुमारे ८ कोटी १५ लाख डॉलरचा सार्वजनिक निधी उभारला गेला. त्यात केंद्र सरकारचा वाटा निम्म्याहून थोडा कमी होता आणि उरलेला भार रिजनल कौन्सिल व तौपो जिल्हा कौन्सिल यांनी उचलला. आमच्यासारख्यांच्या त्या छोट्या बिलांचा उपयोग इथे झाला. हा निधी वापरण्यासाठी २००७ साली एक न्यास स्थापन झाला. त्याने शेतकऱ्यांकडून नत्राचे हक्क विकत घेऊन ते कायमचे बाद केले, काही जमिनीही घेतल्या, आणि अनेक कुरणांवर पुन्हा पाइनची झाडे उभी राहिली. विकलेल्या हक्काचे बंधन जमिनीला चिकटते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढावा तसे ते पुढच्या मालकालाही लागू राहते. १७० टन नत्र कमी करण्याचे उद्दिष्ट २०१५ साली गाठले गेले. सरकारी उद्दिष्ट मुदतीआधी गाठले जाण्याचे दृश्य दुर्मीळ असल्यामुळे ते नोंदवून ठेवतो.

तरीही सरोवर लगेच सुधारणार नव्हते आणि तसे कुणी म्हटलेही नाही. योजनेत लिहिलेले ध्येय असे आहे की पाण्याची गुणवत्ता २०८० सालापर्यंत २००१च्या पातळीवर यावी. ऐंशी वर्षे खपायचे आणि जिथे होतो तिथेच परत यायचे! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा छपाईचा दोष वाटला होता. पण भूजलाचा वेग लक्षात घेतला की यापेक्षा प्रामाणिक वाक्य सरकारी कागदावर सापडणे अवघड आहे. इथे दर तीन वर्षांनी स्थानिक निवडणुका होतात. ज्यांनी हा नियम मंजूर केला त्यांच्यापैकी कुणीही त्याचे फळ पदावर असताना पाहणार नव्हते.

या कहाणीत एक बोचरी बाजू आहे आणि ती माझ्या मते झाकता येण्यासारखी नाही. हक्क वाटताना 'ज्याने जितके झिरपवले तितके त्याचे' हे तत्त्व धरल्यामुळे, ज्यांनी आधी अधिक गुरे ठेवली त्यांच्या हाती विकता येईल अशी मालमत्ता आली, आणि ज्यांनी जमीन झाडांखाली किंवा पडीक ठेवली त्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नाही. सरोवराभोवतीच्या जमिनीचा मोठा हिस्सा न्गाती तूफारेतोआ या इवीच्या, म्हणजे माओरी जनसमूहाच्या, सामाईक मालकीचा आहे. सामाईक मालकीमुळे कर्ज मिळणे अवघड, म्हणून विकास उशिरा. आणि विकासाची पाळी आली तेव्हा दार बंद. सरोवराचा तळदेखील १९९२च्या करारानुसार त्यांच्याच विश्वस्त मंडळाकडे आहे. म्हणजे ज्यांनी सरोवर कमीत कमी बिघडवले त्यांनाच नियमाने जखडले. त्यांनी हा मुद्दा सुनावण्यांत मांडला होता आणि काही वाटाघाटीही झाल्या, पण मूळ सूत्र तसेच राहिले. दक्षिणेकडील शेजारी, होरायझन्स रिजनल कौन्सिल, वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या योजनेत, पर्यावरण न्यायालयाच्या २०१२च्या निर्णयानंतर, जमिनीची नैसर्गिक क्षमता पाहून नत्राची मर्यादा ठरवण्याचे तत्त्व आले. कागदावर ते अधिक न्याय्य दिसते. पण तिथे अनेक शेतकऱ्यांना ती मर्यादा गाठणेच जड गेले आणि अंमलबजावणीवरून पुढे पुन्हा वाद झाला. तौपोचा तोडगा अन्यायकारक होता आणि चालला; दुसरा अधिक न्याय्य होता आणि अडखळला. यातून कोणते तत्त्व काढावे, हे मला अजून सुचलेले नाही.

दुसरी अडचण आकड्याचीच आहे. शेतातून झिरपणारे नत्र प्रत्येक बांधावर मोजता येत नाही. म्हणून गुरांची संख्या, पाऊस, माती आणि खत ही माहिती 'ओव्हरसीअर' नावाच्या संगणकीय प्रारूपात भरून ते काढतात. हे प्रारूप मुळात खताचा सल्ला देण्यासाठी तयार झाले होते, पण हळूहळू कायद्याचे माप बनले. त्याची नवी आवृत्ती आली की त्याच शेताचा आकडा बदलतो, म्हणून तौपोच्या नियमांत हिशेबासाठी एकच ठरावीक आवृत्ती पक्की केली गेली. ही युक्ती मला आवडते. तराजू किंचित चुकीचा असला तरी खरेदी आणि विक्री एकाच तराजूवर झाली तर व्यवहार टिकतो, हे कोणत्याही बाजार समितीतील हमालही सांगेल. पण २०२१ साली सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने या प्रारूपाच्या प्रत्यक्ष आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्या कौन्सिलांनी परवाने या आकड्यांवर बांधले होते, त्यांची त्यानंतर मोठी पंचाईत झाली.

तौपोच्या खाली, म्हणजे आम्ही राहतो त्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यात, गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. इथे दुग्धव्यवसाय दाट आहे आणि प्रश्न नत्र, स्फुरद, गाळ व रोगजंतू अशा चार गोष्टींचा आहे. २०१०च्या कायद्याने वायकाटो नदीसाठी एक ध्येयपत्र मान्य केले. नदीत पोहता यावे आणि तिच्यातून अन्न घेता यावे इतकी ती स्वच्छ व्हावी, हे त्यात आहे, आणि प्रादेशिक योजनेशी विसंगती असेल तिथे ध्येयपत्रच वरचढ ठरते. त्यानुसार ऑक्टोबर २०१६मध्ये कौन्सिलने योजनाबदल प्रसिद्ध केला, तोही ऐंशी वर्षांचा, आणि पहिल्या दहा वर्षांत त्यातील दहावा हिस्सा चालून जायचा होता. दोन महिन्यांतच ईशान्येकडील भाग मागे घ्यावा लागला, कारण हाउराकीच्या इवींशी नीट सल्लामसलत झाली नव्हती. तो २०१८ साली पुन्हा प्रसिद्ध झाला. शेकडो निवेदने आली. निर्णय २०२०मध्ये लागले आणि लगेच अपिले दाखल झाली. माझ्या ओळखीच्या एका गोपालकाने या काळात कुंपणे घातली, ओढ्याकाठी झाडे लावली आणि मग मला शांतपणे म्हणाला की नियम अंतिम होईपर्यंत झाडे मोठी होतील. त्याचा टोमणा खरा ठरला.

एक पाऊल मात्र मला मनापासून पटले. जुलै २०२०मध्ये कौन्सिलने तौपो सरोवरावरील पाण्याच्या काही मोजमापांचे अधिकृत काम तूफारेतोआच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवले. १९९१च्या कायद्यात असे अधिकार इवीकडे हस्तांतरित करण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून होती, पण ती वापरली जायला एकोणतीस वर्षे लागली. हा बदल लहान आहे. आता निदान पाण्याचे नमुने ते लोक घेतात, ज्यांना २०८० सालीही त्याच काठावर राहायचे आहे.

हे सारे पुन्हा उगाळण्याचे कारण असे की नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारने रिजनल कौन्सिलांचे निवडून आलेले सदस्यच काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी त्या भागातील महापौरांचे मंडळ नेमावे, असा प्रस्ताव मांडला. दोन बिले, दोन निवडणुका, दोन योजना हा पसारा कशासाठी, हा सवाल रास्त आहे. पहिल्या वर्षी माझाही तोच होता. कौन्सिले संथ आहेत, सल्लागारांवर अतोनात खर्च करतात आणि त्यांच्या निवडणुकीत उमेदवारांची नावे अर्ध्या मतदारांना ठाऊक नसतात, हे मी नाकारत नाही. पण महापौर हा एका शहराचा किंवा जिल्ह्याचा असतो. सांडपाणी सोडणाऱ्यांत त्याचेच शहर असते आणि परवाना मागणारेही तेच. कॅन्टरबरीत २०१० साली केंद्र सरकारने निवडून आलेले रिजनल सदस्य हटवून आयुक्त नेमले होते आणि पूर्ण निवडणूक परत यायला २०१९ उजाडले; त्या काळात तिथल्या सिंचनावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मी दोन पानांचे निवेदन लिहून पाठवले. त्यात मोठे तत्त्वज्ञान नाही. तौपो पाणलोटातील प्रत्येक शेताचा नत्राचा हक्क आज कुठल्या कार्यालयातील कुठल्या नोंदवहीत आहे, त्या हक्कांच्या बदल्यात दिलेल्या आठ कोटींचे बंधन नव्या मंडळावर कसे चढणार आहे, आणि विहिरींतले पाणी मोजणाऱ्या त्या मोजक्या शास्त्रज्ञांना पगार कोण देणार आहे, एवढे तीन प्रश्न मी विचारले. अण्णांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी चौथा सुचवला: "आन् त्या बसचं काय?" तो मी वेगळ्या कागदावर जोडला.